काजळात तूप होतं

मॅडम,

हे मी लिहावं की नाही, ते मला अजून नीट कळलेलं नाही, म्हणून आधी माफी मागतो. तुमच्याबद्दल लिहायला तुमच्या शाळेतल्या जुन्या विद्यार्थिनी आहेत, भोपाळचे चित्रकार आहेत, तुम्हांला तीस-तीस वर्षं ओळखणारी माणसं आहेत. मी तुमच्याकडे जेमतेम दीड वर्ष आलो. माझं शिक्षण हिंदी माध्यमात झालं, मराठी फक्त घरात बोललो, त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुकाही असतील. आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेला मी पहिलाच, तेव्हा लिहून झाल्यावर दाखवायला कुणी नाही. आईला वाचून दाखवीन.

तुमच्या तेराव्याला तुमचे भाचे मंदारदादा म्हणाले, "संदेश, तू तो हर हफ्ते आता था. आपल्या मंडळाच्या अंकात मावशीवर चार पानं देतायत, तूही लिही काहीतरी." मी हो म्हणून बसलो. इंदूरहून बसमध्ये महूला घरी पोचेपर्यंत विचार केला तेव्हा लक्षात आलं, की लिहायचं तर एक गोष्ट लिहावी लागेल, जी मी तुम्हांला सांगितली नाही. ती सोडून बाकीचं चांगलं चांगलं लिहिलं तर ते खोटं होईल. तुमच्याशी मी एकदा खोटं बोललोय. दुसऱ्यांदा नको.

तर ती गोष्ट आधीच सांगून टाकतो. तुमच्या मोठ्या चित्राचा मधला भाग सुटून खाली आला, तो तुमच्या हातामुळे नाही. तुमचं चिकटवायच्या सरसाचं माप चुकलं नव्हतं. मी आणून दिलेल्या काजळात तूप होतं आणि ते मला माहीत होतं.

आता क्रमाने लिहितो.

सेकंड इयरला आम्हांला प्रोजेक्ट होता, आपल्या शहरातल्या एका कलावंतावर. गाणाऱ्या, नाटकवाले, मूर्तिकार, सगळी नावं मुलांनी पटापट उचलली. तुमचं नाव यादीत शेवटी उरलं, कारण "ॲब्स्ट्रॅक्ट" म्हणजे काय लिहायचं ते कुणालाच माहीत नव्हतं. मी त्या दिवशी उशिरा पोचलो, म्हणून तुम्ही माझ्या वाट्याला आलात. हे तुम्हांला मी सांगितलं होतं आणि तुम्ही म्हणाला होतात, "चला, बस लेट झाल्याचा कुणाला तरी फायदा."

स्नेहलतागंजात तुमचं घर विचारलं तर पानवाल्याने आधी नाव ओळखलंच नाही. मग म्हणाला, "अच्छा, वो काले पटिये वाली मैडम! भिया, ऊपर चले जाओ, दरवाजा खुला ही रहता है." मला वाटलं, हे 'काळ्या फळ्यांवाली' तुम्हांला सांगू नये. वर आल्यावर तुम्हीच विचारलंत, "काय म्हणाला तो? काले पटिये वाली?" आणि मी मान हलवली तर तुम्ही खूश झालात. म्हणालात, "बरोबर बोलतो तो. समीक्षकांपेक्षा नेमकं."

त्या दिवशी मी खरंच काही पाहू शकलो नाही, मॅडम. भिंतीला दरवाजाएवढा प्लाय टेकवलेला, त्यावर काळं काहीतरी थापलेलं, जाड, उंचसखल, कुठे कापडाच्या चुण्या, कुठे कंगवा फिरवल्यासारख्या रेघा. मी वही काढून उभा राहिलो. तुम्ही म्हणालात, "उभा राहून काय बघतोस? चाल." मला समजेना. "इकडून तिकडे चाल. तू हललास की ते हलतं." मी चाललो. परीक्षेत चालल्यासारखा चाललो असेन. तुम्ही विचारलंत, "काय दिसलं?" मी म्हणालो, "सॉरी मॅडम, कुछ दिख नहीं रहा." तुम्ही रागावला नाहीत. चहा ठेवलात, खिडकीजवळ खुर्ची दिलीत आणि म्हणालात, "ऊन त्या कोपऱ्यात जाईपर्यंत बस. मी भाजी निवडते."

मी बसलो. तास झाला असेल. ऊन सरकलं तशी खालची एक चुणी तपकिरी निघाली. तिच्या शेजारची निळसर. वरचा सगळा भाग, जो मला सपाट वाटला होता, तो बारीक बारीक कडांनी भरलेला होता आणि प्रत्येक कडेची एक बाजू जवळजवळ चंदेरी. मी सांगायला उठलो तर तुम्ही मेथीची जुडी हातात धरून दारात उभ्या होतात. म्हणालात, "आता जा. पुढच्या शुक्रवारी ये."

प्रोजेक्ट तीन शुक्रवारांत झाला. मी त्यानंतरही येत राहिलो. का, ते तुम्ही कधी विचारलं नाही आणि मला सांगता आलं नसतं.

तुमच्या कपाटातल्या बाटल्या मला पाठ झाल्या होत्या. लोक रंगांना नंबर देतात, तुम्ही माणसांची नावं दिली होती. एका बाटलीवर "भडभुंजा", त्याच्या भट्टीच्या तोंडाची काजळी. एकीवर "सोनार", सराफ्यातल्या कुणा म्हाताऱ्या सोनाराच्या दिव्याची. एकीवर "कढईवाला गुप्ता", कढईच्या बुडाची खरवड. तुम्ही म्हणायचात, "बाजारातला काळा सगळा एकाच आईचा. हे बघ, हे किती वेगवेगळे." एकदा तुमच्याबरोबर मीही सराफ्यात गेलो होतो, दुपारी. तुम्ही सोनाराला म्हणालात, "भैयाजी, दीये की कालिख दे दो." तो म्हणाला, "मैडम, लोग यहाँ सोना माँगते हैं." तुम्ही म्हणालात, "सोना तो सबके पास एक जैसा है." तो हसून हसून खोकायला लागला. पण दिली.

घरी येऊन तुम्ही सरस शिजवायला घ्यायचात. रात्रभर भिजलेला सरस, एका भांड्यात पाणी, त्यात दुसरं भांडं. एक वाटी सरस, अडीच वाटी पाणी. मग खडूची पावडर, लाकडाचा चाळलेला भुसा, जुन्या सुती साडीचे तुकडे. हे सगळं गवंड्याच्या थापीने प्लायवर चढवायचं, वाळू द्यायचं, परत चढवायचं. शेवटचा थर काजळीचा. तुम्ही पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं, "यात तेलकट काही चालत नाही. तेलाचा हात लागला तरी थर धरत नाही." हे वाक्य माझ्या वहीत आहे. माझ्याच अक्षरात.

आपलं एक भांडण अर्धवट राहिलं, तेही लिहितो. प्रोजेक्टमध्ये मी लिहिलं होतं, की तुमच्या चित्रांतला काळा रंग दुःखाचा आणि निषेधाचा आहे. तुम्ही लाल पेनाने ते वाक्य खोडलंत. "तुझ्या आईचे केस काळे आहेत ना? ते दुःख आहे का? काळा म्हणजे काळा." मला राग आला. मी तुमच्याशी पहिल्यांदा मोठ्याने बोललो. म्हणालो, "मॅडम, माझ्या बहिणीला दोन ठिकाणांहून नकार आला, रंगावरून. आमच्या आजोबांना पलटणीत लोक कोणत्या नावाने हाक मारायचे ते मला माहीत आहे. तुमच्यासाठी काळा फक्त काळा असेल. आमच्या घरी नाही."

तुम्ही चहाचा कप खाली ठेवलात. मला वाटलं, आता ये म्हणणार नाहीत. मग म्हणालात, "हे लिही. पण माझ्या चित्रावर नको लिहू. तुझ्या नावावर लिही."

हे मला तेव्हा पटलं नाही. आजही पूर्ण पटलेलं नाही. तुमचं बरोबर होतं की तुम्हांला ते म्हणणं सोपं होतं, याचं उत्तर मी काढू शकलेलो नाही. पुढच्या शुक्रवारी तुम्ही बहिणीबद्दल विचारलंत. तिचं लग्न झालंय आणि तिला मुलगी झालीय, असं मी सांगितलं. आई नातीसाठी घरीच काजळ धरते, हेही सांगितलं. तुम्ही थापी खाली ठेवलीत.

"कसं धरते?"

एरंडेलाचा दिवा, वर पितळेची ताटली उपडी, असं मी सांगितलं. तुम्ही लहान मुलीसारख्या मागे लागलात. म्हणालात, एरंडेलाची काजळी सगळ्यांत मऊ असते, तुमच्या आजीनंतर कुणाच्या घरी ती पाहिली नाही. दिल्लीच्या गॅलरीने पहिल्यांदाच तुमचं मोठं चित्र मागवलं होतं. त्याच्या मधल्या भागासाठी तुम्हांला तोच काळा हवा होता. "आईला विचारशील? डबीभर?"

आईला सांगितलं तर ती म्हणाली, "डबीभर काजळ? भिंत रंगवायची का मॅडमना?" पण कामाला लागली. ती दिवसभर फॉल-पिकोचं काम करते. संध्याकाळी मशीन झाकली की चार दिवे लावायची, चार ताटल्या पालथ्या घालायची. एका दिवसाचं चिमूटभर निघतं. दीड महिना लागला. शेवटी डबी माझ्या हातात देताना म्हणाली, "जपून ने. उडू नये म्हणून जरासं तूप घातलंय, दोन थेंब. काजळात घालतातच."

मी तिच्याकडे बघत राहिलो. वहीतलं ते वाक्य मला आठवत होतं. पण दीड महिन्याच्या संध्याकाळी होत्या त्या डबीत. "आई, हे चालणार नाही" असं म्हणायला माझी जीभ उचलली नाही. दोन थेंबांनी काय होतंय, असं स्वतःला सांगितलं.

तुम्ही डबी उघडलीत, बोटाने काजळ चोळलंत. कोरोनानंतर तुमचं नाक गेलं होतं, तुम्हांला वास येत नसे. नाहीतर तेव्हाच कळलं असतं. तुम्ही विचारलंत, "यात काही घातलं नाही ना?"

मी म्हणालो, "नाही मॅडम."

तुम्ही त्या काजळाचा थर दिलात तेव्हा मी तिथेच होतो. दोन दिवसांनी चित्र उभं केलं. काही झालं नाही. मी सुटलो असं वाटलं. पुढच्या शुक्रवारी आलो तर तुम्ही जमिनीवर बसला होतात. मधला सगळा भाग, दोन हात रुंद, घसरून खालच्या चुण्यांवर आला होता, ओल्या घोंगडीसारखा. तुम्ही बोट लावून पाहत होतात. बोट काळं झालं होतं आणि चकाकत होतं.

मी तेव्हा बोलायला हवं होतं. दार ओलांडण्याआधी बोलायला हवं होतं.

पण तुम्हीच आधी बोललात. "सरस पातळ झाला माझा. माप विसरले बघ. इतनी सी बात, आणि विसरले." मी म्हणालो, "हवेत ओल आहे, मॅडम." तुम्ही म्हणालात, "तीस वर्षं पावसाळ्यात काम करतेय मी."

तुम्ही दिल्लीला कळवलंत की चित्र येणार नाही. त्याचं मला वाईट वाटलं, पण त्यापेक्षा वाईट पुढे होतं. तुम्ही लहान लहान गोष्टी मला विचारायला लागलात. "संदेश, ही अडीच वाटी आहे ना? तू बघ." "भिजवायला टाकला होता ना मी? तुझ्यासमोर टाकला ना?" तुम्ही वाटी उजेडाकडे धरून वाचल्यासारखी पाहायचात. माप बरोबरच असायचं. मी म्हणायचो, "बरोबर आहे मॅडम." तुमचा विश्वास बसायचा नाही. मग एका शुक्रवारी सरस भिजवलेलाच नव्हता. थाप्या धुऊन, पुसून, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवल्या होत्या. तुम्ही म्हणालात, "आता चहा पिऊ, गप्पा मारू. काम झालं. हात गेला की माणसाने थांबावं."

मला सांगता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं. पण ते वाक्य म्हणजे आईचं नाव घेणं होतं. तुमच्यासारख्या बाईंच्या तोंडी "या लोकांना काय कळतं" असं कधीच आलं नसतं, हे मला माहीत आहे. तरी मला तेच ऐकू यायचं. आणि स्वतःचं खोटं उघडं पडण्याची भीती तर होतीच. कोणतं जास्त होतं, ते मला सांगता येणार नाही. आईला वाचवत होतो असं मी स्वतःला सांगत आलो. लिहिताना वाटतंय, की स्वतःलाच जास्त वाचवत होतो.

मग मी येणं कमी केलं. परीक्षा आहे म्हणालो. पलासियाला कोचिंग लावलंय म्हणालो. ते खरं होतं, पण शुक्रवारी कोचिंग नसायचं. तुमचे फोन आले तेही मी घेतले नाहीत. पास झालो की पेढे घेऊन जाऊ आणि तेव्हा सांगू, असं ठरवत राहिलो.

मार्चमध्ये एका सकाळी फोनवर तुमचा मेसेज दिसला. तुम्ही मेसेज करत नसायचात. मला इतका आनंद झाला, की मी वर्गातून बाहेर येऊन तो उघडला. मंदारदादांनी तुमच्या फोनवरून सगळ्यांना एकच मजकूर पाठवला होता. अंत्यसंस्कार आदल्याच दिवशी झाले होते.

तेराव्याला आलो तेव्हा ते मोठं चित्र तिथेच होतं, भिंतीकडे तोंड करून. बाटल्या तशाच होत्या. एक बाई म्हणत होत्या, "शेवटी शेवटी हात थरथरायचा म्हणे, काम सोडलं होतं." मंदारदादांनी मान हलवली. मी पाण्याचे ग्लास उचलत होतो. तिथेही मी बोललो नाही.

तुमच्याकडून मला काय मिळालं, ते मोठ्या शब्दांत मला लिहिता येत नाही. माझ्या घरी कुणी एका गोष्टीकडे तासभर पाहत बसलं तर त्याला बरं नाही असं समजतात. तुम्ही मला बसवलंत. मी परीक्षेत उत्तर लिहिण्याआधी प्रश्न दोनदा वाचतो, ते तुमच्यामुळे. बहिणीची मुलगी सावळी आहे. तिच्याकडे ऊन पडतं तेव्हा मी पाहतो, त्यात मला किती रंग दिसतात ते तुम्हांला सांगायचं होतं. भांडण पुढे चालू ठेवायला ते उपयोगी पडलं असतं, तुमच्या बाजूने की माझ्या, माहीत नाही.

इथपर्यंत लिहून काल संध्याकाळी मी आईला वाचून दाखवलं. तिला हे सांगायची मला सगळ्यांत जास्त भीती होती. ती मशीनवर बसून ऐकत होती, पाय थांबवून. तुपाचं आलं तेव्हा तिने हातातलं कापड बाजूला ठेवलं. "हात गेला की माणसाने थांबावं" हे आलं तेव्हा म्हणाली, "अरे, पण मी सांगितलं होतं ना त्यांना."

मी विचारलं, "काय?"

"तुपाचं. जानेवारीत, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी. तू अंघोळीला गेला होतास, फोन वाजला, मी उचलला. तुझ्या मॅडम होत्या. मी म्हणलं, मॅडम, काजळ कसं वाटलं? तूप कमी तर नव्हतं पडलं? मला वाटलं फोन कटला. मग म्हणाल्या, तूप? मी म्हणलं, हो, दोन थेंब घातलं होतं, उडू नये म्हणून. मग अशा हसायला लागल्या, अशा हसायला लागल्या! म्हणाल्या, म्हणजे माझं माप बरोबर होतं! तीनदा म्हणाल्या. मला काही समजलं नाही, मी पण हसले."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगत होते. तू अंघोळ करून आलास तर म्हणलं, तुझ्या मॅडमचा फोन होता. तू म्हणालास, बघतो मग, आणि डबा घेऊन निघून गेलास. आणि त्याच म्हणाल्या होत्या, ताई, तुम्ही राहू द्या, तो आला की मीच त्याची खबर घेते."

मग तिने मशीनचा दिवा लावला आणि म्हणाली, त्याच फोनवर त्यांनी परत काजळ मागितलं होतं, बिनतुपाचं. तिने ते केलं होतं. फेब्रुवारीतच तयार झालं होतं. मी इंदूरला रोज जात होतो, पण तुमच्याकडे जात नव्हतो, म्हणून माझी परीक्षा झाली की देऊ, असं म्हणून तिने ते ठेवून दिलं होतं.

वरचं काही मी बदललेलं नाही, मॅडम. तुम्हांला जानेवारीत कळलं होतं. मला काल कळलं.